तंजावरचे सरफोजी राजे : स्वधर्माची जबाबदारी, परधर्माचा आदर

हीरक महोत्सव हा शाळेच्या जीवनातील मोठा टप्पा. साठ वर्षांत किती मुले आली, किती गेली, किती जणांनी नाव मिळविले, याची मोजदाद अशा वेळी होतेच आणि ती व्हावयासही हवी. तथापि एक मोजदाद कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही. या मुलांनी येथून कोणती श्रद्धा नेली आणि दुसऱ्याच्या श्रद्धेकडे कोणत्या नजरेने पाहावयास ती शिकली, ही ती मोजदाद होय. पालकसभेत हा प्रश्न निरनिराळ्या रूपांनी पुढे येतो. आमचे मूल नाना धर्मांच्या मुलांत वाढते, नाना प्रकारची पुस्तके वाचते. त्याची स्वतःची श्रद्धा टिकेल ना, अशी चिंता एका बाजूला असते. श्रद्धेचे संस्कार फार पक्के केले तर ते कोत्या मनाचे तर होणार नाही ना, ही चिंता दुसऱ्या बाजूला. या दोन्ही चिंतांना उत्तर देणारे एक चरित्र आपल्याच भाषेच्या इतिहासात आहे. मात्र ते महाराष्ट्रात घडले नाही. दूर तमिळ देशात, कावेरीच्या काठी घडले. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले यांचे ते चरित्र.

तंजावरचे मराठी राज्य स्थापिले ते शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात. पुढे पावणेदोनशे वर्षे तेथील दरबारात मराठी, तमिळ, तेलुगू आणि संस्कृत या चारही भाषा सुखाने नांदल्या. त्या राज्यात बृहदीश्वराच्या भव्य शिवमंदिराची पूजा चालू राहिली, रामदासी मठ उभे राहिले, तसेच समुद्रकाठच्या नागोर येथील मुसलमान अवलियाच्या दर्ग्याचाही सन्मान झाला. त्या दर्ग्याचा सर्वांत उंच मिनार बांधविला तो प्रतापसिंह राजांनी, म्हणजे सरफोजींच्या दत्तक आजोबांनी. औदार्याची ही परंपरा सरफोजींना वारशाने मिळाली, हे खरे. परंतु वारशाने मिळालेले औदार्य आणि स्वतः पारखून घेतलेले औदार्य यांत अंतर असते. सरफोजींची पारख फार लहान वयात, फार कठीण प्रसंगी सुरू झाली.

त्यांचा जन्म 24 सप्टेंबर 1777 रोजी भोसले घराण्याच्या एका शाखेत झाला. तुळजाजी राजांना वारस उरला नव्हता. मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, 1787 च्या आरंभी, त्यांनी या दहाव्या वर्षात असलेल्या मुलाला दत्तक घेतले. मुलाचे रक्षण कोणी करावे, हा प्रश्न होता. राजांनी त्यासाठी निवडलेला मनुष्य परदेशी आणि परधर्मी होता. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे त्याचे नाव. हा प्रशियाचा धर्मोपदेशक 1750 मध्ये डेन्मार्कच्या ताब्यातील तरंगमबाडी बंदरात उतरला आणि उरलेले सारे आयुष्य त्याने तमिळ देशातच घालविले. साधी राहणी, तमिळ, मराठी, फारसी अशा भाषांचे ज्ञान आणि निर्लोभ वृत्ती यांमुळे राजे, नबाब आणि कंपनी सरकार सारेच त्याच्या शब्दावर विश्वास ठेवीत. तुळजाजींनी बाळराजाला त्याच्या हाती सोपविले. श्वार्ट्झ यांनी राज्यकारभाराची सूत्रे स्वतःकडे घेण्यास नम्रपणे नकार दिला आणि राजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी पालक म्हणून कारभार पाहावा, असे सुचविले.

पुढचा इतिहास दुःखद आहे. पंडितांचा अभिप्राय घेऊन दत्तकविधान अशास्त्रीय ठरविण्यात आले आणि अमरसिंह स्वतःच गादीवर बसले. बालवयातील सरफोजींना राजवाड्यात जवळजवळ कैदेत ठेवण्यात आले. शिक्षण बंद पडले, मोकळी हवा आणि उजेडही मिळेनासा झाला. त्या वेळी त्यांच्यासाठी कंपनीच्या अधिकाऱ्यांकडे दाद मागणारा मनुष्य श्वार्ट्झच होता. त्यांच्या प्रयत्नाने बंदोबस्त सैल झाला आणि शेवटी 1793 मध्ये सरफोजींना तुळजाजींच्या राण्यांसह सुरक्षिततेसाठी मद्रासला हलविण्यात आले. तेथे गेरिके नावाच्या दुसऱ्या धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. दत्तकविधानाचा प्रश्नही पुन्हा उघडला गेला. बंगाल आणि काशी येथील पंडितांनी ते शास्त्रसंमत असल्याचा निर्वाळा दिला आणि जून 1798 मध्ये सरफोजी राजे तंजावरच्या गादीवर विराजमान झाले.

या राज्यारोहणाच्या थोड्याच महिन्यांपूर्वी एक प्रसंग घडला. सरफोजींच्या आयुष्याचा अर्थ त्या प्रसंगात सामावलेला आहे, असे मला वाटते. श्वार्ट्झ वृद्ध झाले होते, आजारी होते. सरफोजी त्यांना भेटावयास गेले. गुरूने शिष्याला राजधर्माचा उपदेश केला: चैनीपासून दूर राहावे, प्रजेचा न्याय करावा, योग्य माणसे नेमावीत, ख्रिस्ती प्रजेलाही संरक्षण द्यावे. आणि शेवटी स्वतःच्या अंतःकरणातील इच्छा बोलून दाखविली, की या शिष्याने ख्रिस्ताचा मार्ग स्वीकारावा. ही इच्छा कपटाची नव्हती. ज्याला जे सर्वांत मोलाचे वाटते ते त्याने प्रिय माणसाला देऊ करावे, इतकी ती सरळ होती.

वाचकांनी क्षणभर त्या वीस वर्षांच्या तरुणाच्या जागी स्वतःला उभे करून पाहावे. समोर मृत्युशय्येवर असलेला मनुष्य पित्याच्या ठिकाणी आहे. त्याच्यामुळे स्वातंत्र्य मिळाले, विद्या मिळाली, राज्यही मिळण्याच्या बेतात आहे. त्याची शेवटची इच्छा नाकारावयाची की पुरी करावयाची? कृतज्ञतेपोटी धर्म बदलावा, तर श्रद्धेची किंमत देणगीच्या परतफेडीइतकीच उरते. नकार देताना मन कठोर करावे, गुरूचा आणि त्याच्या धर्माचा दुरावा धरावा, तर कृतज्ञता मरते. सरफोजींनी यांपैकी काहीच केले नाही. ते अखेरपर्यंत हिंदूच राहिले आणि त्या गुरूवरील त्यांची भक्तीही अखेरपर्यंत उणावली नाही.

13 फेब्रुवारी 1798 रोजी श्वार्ट्झ वारले. अंत्यविधीच्या वेळी सरफोजी स्वतः आले, त्यांना अश्रू आवरेनात, आणि गुरूच्या देहावर त्यांनी जरीचे वस्त्र पांघरले. पुढे त्यांनी गुरूच्या स्मरणार्थ स्वतः इंग्रजीत काही ओळी रचल्या. त्या समाधीच्या शिळेवर कोरलेल्या आहेत. गुरूचे चित्र त्यांनी आपल्या राजवाड्यात लावले. लंडनमधील प्रख्यात शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांनी संगमरवरी स्मारक घडवून आणविले आणि ते तंजावरच्या शिवगंगा तलावानजीकच्या प्रार्थनामंदिरात बसविले. या शिल्पात गुरू मृत्युशय्येवर आहेत, जवळ गेरिके उभे आहेत, मुले आहेत, आणि राजे गुरूचा हात हाती घेऊन त्यांचा आशीर्वाद घेत आहेत. राजांच्या अंगावर त्यांचा स्वतःचा देशी पोशाख आहे. एका हिंदू राजाने एका ख्रिस्ती साधूसाठी, ख्रिस्ती प्रार्थनामंदिरात, स्वतःची ओळख न पुसता उभारलेले हे स्मारक आहे. नकार आणि नमस्कार या दोन्ही गोष्टी त्या एका शिल्पात एकत्र नांदतात.

राज्यावर आल्यानंतर लवकरच, ऑक्टोबर 1799 मधील तहाने, प्रत्यक्ष कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला, ठरावीक वार्षिक रक्कम आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. सत्ता गेलेले अनेक राजे त्या काळात नाचरंगात बुडाले. सरफोजींनी उरलेल्या साधनांचा विनियोग विद्येसाठी आणि धर्मकार्यासाठी केला. त्यांचे ग्रंथालय आज सरस्वती महाल या नावाने जगप्रसिद्ध आहे. तेथे संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितांच्या शेजारी त्यांनी युरोपातून मागविलेली हजारो पुस्तके आहेत, आणि कित्येकांवर त्यांची स्वाक्षरी आहे. त्यांनी देवनागरी छापखाना काढला. 1806 मध्ये तेथे छापलेली, इसापच्या गोष्टींची 'बालबोध मुक्तावली' ही मराठीतील आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी एक होय. देशी आणि युरोपीय वैद्यक शेजारी शेजारी ठेवून त्यांनी औषधे पारखविली. नेत्ररोग्यांवरील उपचारांच्या सचित्र नोंदी आजही ग्रंथालयात जपलेल्या आहेत. 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाटकात त्यांनी तमिळ कुरवंजीच्या घाटात जगाचा भूगोल सांगितला. ज्ञान कोठूनही यावे, ते आपल्या भाषेत आणि आपल्या मातीत रुजवावे, ही त्यांची वृत्ती या प्रत्येक कार्यात दिसते.

हे सारे करताना स्वतःच्या धर्माचरणात त्यांनी कसूर केली नाही. बृहदीश्वराच्या मंदिराची त्यांनी दुरुस्ती करविली आणि त्याच मंदिराच्या आवाराच्या भिंतीवर 1803 मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला. मराठीतील हा अतिशय दीर्घ शिलालेख होय. 1820 मध्ये हजारोंच्या परिवारासह ते काशीयात्रेस निघाले. गयेस पितृकार्य केले, काशीत दानधर्म केला आणि येताना पोथ्या आणल्या. लाव्हाझिए आणि लिनियस यांचे ग्रंथ अभ्यासणारा हा राजा गंगेत स्नान करावयास शेकडो कोस गेला. त्यांना या दोहोंत विसंगती वाटली नाही. 1826 मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर तंजावरला आले तेव्हा राजांची विद्वत्ता पाहून ते थक्क झाले. हा राजा ख्रिस्ती होईल अशी आशा युरोपातील अनेकांनी बाळगली होती. ती फळास आली नाही. राजांनी मात्र या आशेबद्दल कोणावर राग धरला नाही आणि आपल्या निर्णयाचा भार दुसऱ्या कोणावर टाकलाही नाही.

आता ओरत्तनाडु या गावाकडे वळू. कारण सरफोजींच्या मनातील विचार दगड-चुन्यात उभा राहिलेला पाहावयाचा तर तेथे जावे लागते. तंजावरहून दक्षिणेस पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या वाटेवर सुमारे पंचवीस किलोमीटरवर हे गाव आहे. रामेश्वरास जाणाऱ्या यात्रेकरूंचा हा मार्ग. त्या मार्गावर तंजावरच्या राजांनी ठिकठिकाणी छत्रे, म्हणजे अन्नछत्रासह धर्मशाळा, बांधली होती आणि त्यांतील बहुतेकांना राजघराण्यातील स्त्रियांची नावे दिली होती. सरफोजींची मुक्तांबा नावाची प्रिय सहचारिणी होती. मरतेवेळी तिने आपल्या नावे छत्र व्हावे अशी इच्छा व्यक्त केल्याचे परंपरा सांगते. त्यानुसार 1802 मध्ये ओरत्तनाडु येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले आणि गावालाही मुक्तांबाळपुरम हे नाव मिळाले. वास्तूच्या दर्शनी भागाला रथाचा आकार देऊन जोत्यावर दगडी घोडे आणि हत्ती कोरले आहेत. रथ चालता असावा तसे दान चालते असावे, असाच अर्थ पाहणाऱ्याच्या मनात येतो.

या छत्रांत काय चालत असे याचे वर्णन राजांनी स्वतः 1801 मध्ये कंपनीच्या रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात केले आहे. छत्रांची उत्पन्ने कंपनीच्या ताब्यात जाऊ नयेत यासाठी ते पत्र होते. राजकीय सत्ता सोडून देताना ज्यांनी फारसा हट्ट धरला नाही, त्यांनी या अन्नछत्रांसाठी मात्र आर्जवाने लिहिले. तंजावरला धर्मराज्य म्हणतात आणि आपल्या पदाला मिळालेला सर्वांत मोठा मान तोच होय, असा त्या पत्राचा आशय आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व जातींचे प्रवासी, जोगी, जंगम, अतीत, बैरागी, जो येईल त्याला अन्न मिळे. ज्याला शिजलेला भात चालत नसे त्याला शिधा दिला जाई. मध्यरात्री घंटा होई आणि उशिरा आलेल्यांना बोलावून उरलेले अन्न वाढले जाई. तान्ह्या मुलांना दूध, गर्भवतींची काळजी, प्रसूतीनंतर तीन महिने राहण्याची सोय, आजाऱ्याला वैद्य, वाटेत मरण पावलेल्यास त्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यविधी, अशी सारी व्यवस्था होती. प्रवाशांच्या पोरक्या मुलांना शिक्षकाच्या हवाली करून त्यांना दिवसातून तीन वेळा जेवण, अंगाला तेल, कपडे आणि विद्या देण्यात येई. चार वेदांचे अध्यापक होते, तसेच अक्षरओळख करून देणारे पंतोजीही होते. ओरत्तनाडुच्या छत्रात राजांनी अनेक भाषा शिकविणारी विनामूल्य शाळाही चालविली, आणि पुढील काळातही त्या वास्तूचा उपयोग विद्यार्थ्यांसाठी होत आला.

या वर्णनातील एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. शिजलेला भात न खाणाऱ्याला शिधा देणे ही गोष्ट वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु तिच्यामागे मोठा विचार आहे. तू भुकेला आहेस, म्हणून आमच्या घरी आमच्या रीतीने जेव, असे छत्राने कोणाला सांगितले नाही. तुझा नेम तू पाळ, आमचे काम तुझी भूक भागविण्याचे, हा तो विचार. मेलेल्या वाटसरूला त्याच्या रीतीप्रमाणे निरोप देण्यातही तोच भाव आहे. आपला नेम आपण पाळणारा मनुष्यच दुसऱ्याच्या नेमाची किंमत जाणतो.

ओरत्तनाडुच्याच परिसरातील कण्णंदंगुडी गावी राजांनी ख्रिस्ती गरिबांसाठी वेगळी सोय केली. तेथे पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांचे पालनपोषण आणि शिक्षण धर्मोपदेशकांच्या हाताने होई आणि आणखी तीस निराधारांना आश्रय मिळे; खर्च राजांचा. आपल्या पदरच्या ख्रिस्ती नोकरांना आणि शिपायांना रविवारी आणि सणांच्या दिवशी प्रार्थनेसाठी कामातून मोकळीक असे. स्वतः जो धर्म स्वीकारला नाही, त्या धर्माच्या माणसांना तो नीट पाळता यावा याची तजवीज राजांनी केली.

या चित्राला मर्यादा होत्या, हेही सांगितले पाहिजे. अन्न सर्वांना मिळे, पण पंक्ती जातीजातींच्या वेगळ्याच असत. माणसामाणसांतील ती भिंत पाडण्याचे काम त्या राजाने केले नाही. ते पुढच्या काळातील थोर पुरुष आणि स्त्रियांनी केले आणि आजही ते पुरे झालेले नाही. ज्याच्या त्याच्या रीतीचा आदर करताना अन्याय्य रीतीही जपली जाण्याचा धोका असतो. आदर श्रद्धेचा करावयाचा, विषमतेचा नव्हे, हा विवेक आपल्या पिढीला करावा लागतो.

श्रद्धेची जबाबदारी स्वतः घेणारा मनुष्य प्रत्येक वेळी जन्माच्या धर्मातच राहील असेही नाही. आपल्या महाराष्ट्रात कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि मराठी भक्तिपरंपरेशी असलेले नाते न तोडता अभंगांच्या रूपात ख्रिस्ताची भक्ती गायिली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पतीच्या मागोमाग लगेच गेल्या नाहीत. त्यांचे स्वतःचे मन वळले तेव्हाच, काही वर्षांनी, त्यांनी तो निर्णय घेतला. सरफोजी आणि हे दांपत्य निरनिराळ्या निष्कर्षांना पोचले, पण त्यांच्यात एक साम्य आहे. मोबदल्यासाठी, भीतीपोटी किंवा भिडेखातर त्यांपैकी कोणी आपल्या अंतःकरणाचा निर्णय दुसऱ्यावर सोपविला नाही.

7 मार्च 1832 रोजी सरफोजी राजे निवर्तले. त्यांच्यामागून पुत्र शिवाजीराजे गादीवर आले आणि 1855 मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर पुत्रसंतती नसल्याने कंपनीने राज्य खालसा केले. मराठी राज्य गेले. ग्रंथालय राहिले, शिलालेख राहिला, प्रार्थनामंदिरातील ते शिल्प राहिले आणि ओरत्तनाडुच्या वाटेवरचा तो दगडी रथही राहिला.

माजी विद्यार्थ्यांनो आणि पालकहो, शाळेने मुलांना कोणता धर्म द्यावा, हा प्रश्न शाळेच्या अधिकाराबाहेरचा आहे. तो घराचा आणि पुढे त्या मुलाच्या स्वतःच्या विवेकाचा प्रश्न आहे. शाळेने द्यावयाचे ते वेगळे. वर्गातील एका मुलाचा उपवास असतो त्या दिवशी शेजारच्या मुलाने डबा उघडताना थोडे भान राखावे. रोजा धरलेल्या मुलीला खेळाच्या तासाला कोणी चिडवू नये. नाताळच्या सुट्टीनंतर आलेल्या मित्राला सणाबद्दल कुतूहलाने विचारावे. आणि हे करताना आपल्या देवघरातील दिवा का लावतो, हे प्रत्येकाला स्वतःच्या शब्दांत सांगता यावे. आईवडिलांनी लावला म्हणून लावतो, हे उत्तर लहानपणी पुरते; मोठेपणी ते उत्तर स्वतःचे असावे लागते.

वीस वर्षांच्या सरफोजींपाशी असे उत्तर होते. म्हणून गुरूचा हात हाती घेताना त्यांना भय वाटले नाही, आणि त्याची इच्छा नाकारतानाही त्यांचा हात सुटला नाही. आपल्या शाळेच्या अंगणातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला असे निर्भय आणि मृदू मन लाभावे, ही हीरक महोत्सवाच्या निमित्ताने परमेश्वरचरणी, तो ज्याला ज्या नावाने प्रिय असेल त्या नावाने, माझी प्रार्थना आहे.